तीन मीटरची चूक, सेकंदाचा शंभरावा भाग

भाचा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बाइक पळवून पुण्याला परतला, तो मोबाइल पुढे धरूनच. त्यातल्या ॲपने जीपीएसवरून त्याच्या एका फेरीची वेळ मोजली होती. "२:०८.४१७! मागच्या खेपेपेक्षा तीन शतांशांनी कमी!" त्याचे बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझा जीपीएस आपलं घर पलीकडच्या गल्लीत दाखवतो. तो शतांश कसले मोजतोय?"

प्रश्न रास्त आहे. मोठ्या शर्यतींत गाडीवर ट्रान्सपाँडर, म्हणजे ओळखीचा सिग्नल देणारा छोटा डबा असतो, रस्त्याखाली तारेचं वेटोळं असतं आणि हजारांशापर्यंत वेळ मिळते. १९९७ साली हेरेथला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत विल्नव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन या तिघांचीही वेळ १:२१.०७२ निघाली होती! हौशी माणसाची भिस्त मात्र जीपीएसवर, आणि तो दोन-तीन मीटर सहज चुकतो.

पण घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं, तरी भाताला किती वेळ लागला ते बरोबरच सांगतं ना? तसंच इथे. जीपीएसची चूक बरीचशी वातावरणामुळे आणि उपग्रहांच्या कक्षांच्या अंदाजामुळे होते, आणि ती सावकाश बदलते. अंतिम रेषा तीन मीटर पुढे दिसली, तर दोन मिनिटांनी पुन्हा जवळपास तेवढीच पुढे दिसते. वजाबाकीत चूक उडून जाते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवत असे. ती चूक काही मिनिटांतच भटकायची, त्यामुळे तेव्हा ही युक्ती चालली नसती.

आता माझा आवडता भाग. चांगलं यंत्र सेकंदाला १० वेळा जागा नोंदवतं. ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेग असेल, तर दोन नोंदींत ५ मीटर अंतर पडतं. एक नोंद रेषेच्या २ मीटर अलीकडची, दुसरी ३ मीटर पलीकडची. मग पहिल्या नोंदीनंतर ०.०४ सेकंदांनी रेषा ओलांडली, हे त्रैराशिकाने निघतं. गणितात याला अंतर्वेशन म्हणतात. यात वेग स्थिर धरलाय, अशी शंका येईल. समजा करकचून ब्रेक दाबलाय, मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, १० मीटर प्रति सेकंद वर्ग. तरी जागेची चूक जास्तीत जास्त मंदन गुणिले दोन नोंदींमधल्या काळाचा वर्ग भागिले ८, म्हणजे सव्वा सेंटिमीटर! वेळेत हजारांशाचा पाव भाग. बहुतेक मोबाइल मात्र सेकंदाला एकच नोंद देतात. काळ दहापट, चूक शंभरपट: सव्वा मीटर.

म्हणून ॲपवरच्या तिसऱ्या दशांशावर माझा विश्वास कुंडलीइतकाच. चांगल्या यंत्रातही दोन मिनिटांत चूक अर्धा मीटर सरकली, तर एक शतांश गेलाच. भाच्याचे तीन शतांश मी हळूच दुर्लक्षिले.

वेगाचं काम याहून सरस. तो जागांच्या वजाबाकीतून नव्हे, डॉप्लर परिणामातून, म्हणजे हालचालीमुळे लहरीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकातून निघतो. उपग्रहाच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, त्यामुळे त्याच्या दिशेने सेकंदाला एक मीटर सरकलं की वारंवारता सुमारे ५ हर्ट्‌झने बदलते, आणि ते रिसीव्हरला सहज कळतं. दोन फेऱ्यांचे वेग, काळानुसार नव्हे तर अंतरानुसार, एकमेकांवर ठेवले की कुठे वेळ गेला ते उघडं पडतं.

भाचा टायरला दोष देत होता. आम्ही आलेख काढला. मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटी रेघ आधी अलगद उतरत होती आणि मगच कोसळत होती. टायरचा काही संबंध नव्हता; ब्रेक दाबण्याआधीच पठ्ठ्या थ्रॉटल सोडत होता.