४२९४९६७२९७ आणि पाचवा भागाकार

"चार-पाच उदाहरणं करून बघितली, सगळी बरोबर आली, म्हणजे नियम सिद्ध झाला" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की या संख्येबद्दल लिहायचंच ठरवलं. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, म्हणजे २^३२ + १.

१६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्मा एका साखळीच्या मागे लागला होता. २ चा घात दर वेळी दुप्पट करायचा आणि त्यात १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७, ६५५३७, पाचही मूळ संख्या, त्यामुळे त्याला वाटलं पुढच्याही सगळ्या मूळच असणार. पुढची म्हणजे हीच, आणि १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं दाखवून दिलं की हिला ६४१ ने भाग जातो: ६४१ × ६७००४१७.

आता खरी मजा. हिला कशानं भाग जातो हे सरळ शोधायचं तर ६५५३६ पर्यंतच्या (म्हणजे हिच्या वर्गमुळापर्यंतच्या) ६५४२ मूळ संख्यांनी भाग देऊन बघावं लागेल. पण समजा 'प' या मूळ संख्येनं हिला भाग जातो, मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी उरते -१ (म्हणजे प पेक्षा एक कमी), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी +१. २, ४, ८, १६... यांच्या बाक्या ओळीनं लिहीत गेलं की त्यांचं चक्र बनतं, ७ ने करून बघा, २, ४, १, २, ४, १, चक्र ३ चं आणि ७-१ म्हणजे ६ ला ३ ने भाग जातो. हे नेहमीच होतं, चक्राच्या लांबीनं प-१ ला भाग जातोच, आणि हे येतं फर्माच्याच छोट्या प्रमेयातून (२ सोडून कुठलीही मूळ संख्या प घ्या, २^(प-१) ला प ने भागल्यावर बाकी १ च उरते)! आपलं चक्र बरोबर ६४ चं, कारण ६४ व्या पायरीला +१ येतो म्हणजे चक्राच्या लांबीनं ६४ ला भाग जातो, आणि ती ६४ हून लहान असती तर तिनं ३२ लाही भाग गेला असता, म्हणजे ३२ व्या पायरीलाच +१ आला असता, आणि तिथे तर -१ आहे. म्हणून प = ६४ ची पट + १. ६५, १२९, १९३, २५७... यातल्या मूळ नसलेल्या गाळा, उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम झालं! मला दर वेळी हे बघून तितकाच आनंद होतो.

अंकांची बेरीज करून शुभ-अशुभ सांगणाऱ्यांना ही संख्या जरूर द्या. आपल्या दशमान पद्धतीत बेरीज ५९, मग १४, मग ५. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत, हीच संख्या म्हणजे १, मग ३१ शून्यं, मग १, बेरीज २. संख्या तीच, फक्त लिहायची पद्धत बदलली, मग नशीब नेमकं कुठल्या बेरजेत आहे? ६४१ ने मात्र कशीही लिहिली तरी भाग जातोच.

६५५३७ नंतर या साखळीत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २^(२^२४) + १ मूळ नाही हे १९९९ मध्ये सिद्ध झालंय पण तिचा एकही अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि २^(२^३३) + १, जिच्यात अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत, ती मूळ आहे की नाही हा प्रश्न अजून उघडाच आहे.