हॅसलब्लाड ५०० सी/एम

एकशेवीस क्रमांकाच्या फिल्म-रोलवर चौरस निगेटिव्ह देणारा, बॅटरीशिवाय चालणारा, संपूर्ण यांत्रिक एसएलआर (एकाच लेन्समधून पाहणारा आणि टिपणारा) कॅमेरा. स्वीडनमधील गॉथेनबर्ग शहरातल्या हॅसलब्लाड कंपनीने तो १९७० मध्ये आणला. आधीच्या ५०० सी या १९५७ च्या मॉडेलचीच ही सुधारित आवृत्ती असून फोकसिंगची काच वापरणाऱ्याला स्वतः बदलता येणे हा तिच्यातला मुख्य फरक. रोलवर बारा फोटो येतात. चौकट नावाला ६ × ६ सेंमी., प्रत्यक्षात साधारण ५६ मिमी. बाजूची, म्हणजे ३५ मिमी. फिल्मच्या निगेटिव्हपेक्षा तिचे क्षेत्रफळ साडेतीनपटीहून अधिक भरते. मोठ्या प्रिंटमध्ये कातडीचा पोत आणि कापडाची वीण दिसते ती या जादा जागेमुळे.

महाराष्ट्रातल्या जुन्या फोटो स्टुडिओंना एकशेवीसचा रोल परका नव्हता, पण तो बहुधा याशिका किंवा रोलायफ्लेक्सच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात पडायचा. त्यात वरची लेन्स बघायची आणि खालची फोटो घ्यायची. हॅसलब्लाडमध्ये आरशाच्या साहाय्याने एकाच लेन्समधून दोन्ही कामे होतात, त्यामुळे जवळच्या वस्तूचा फोटो घेताना चौकट सरकत नाही. शिवाय लेन्स बदलता येते. वरून वाकून पाहायची रीत मात्र तीच. प्रतिमा सुलट पण डावी-उजवी अदलाबदल झालेली दिसते, आणि माणूस उजवीकडे चालला की काचेवर तो डावीकडे जातो. हाताला याची सवय व्हायला दोन-तीन रोल लागतात.

व्हिक्टर हॅसलब्लाड (१९०६–१९७८) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडिश हवाई दलासाठी कॅमेरे बनवले. १९४८ मध्ये नागरी वापरासाठी १६०० एफ आला, पण फिल्मपुढच्या पडदा-शटरने (शटर म्हणजे ठरलेल्या वेळेपुरताच प्रकाश आत सोडणारे झाकण) त्याला सतत त्रास दिला. ५०० सी घडवताना शटर लेन्समध्येच बसवले. त्याचा कमाल वेग १/५०० सेकंद, म्हणजे आधीच्या कॅमेऱ्यापेक्षा बराच कमी. पण त्याच्या बदल्यात फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्लॅश टाकणाऱ्याला ही सोय किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

कॅमेरा चार भागांचा आहे : मधली पेटी, पुढे लेन्स, वर पाहण्याचा हूड आणि मागे फिल्मचे मॅगझिन. झाइसच्या ८० मिमी. एफ/२.८ प्लॅनार लेन्ससह वजन दीड किलोच्या आसपास. सुटे भाग ही या पद्धतीची खरी ताकद. एका मॅगझिनमध्ये कृष्णधवल आणि दुसऱ्यात रंगीत रोल ठेवून अर्ध्यावर अदलाबदल करता येते. मात्र हे भाग एकमेकांना अडसर घालूनच प्रकाशापासून रोल वाचवतात. डार्क स्लाइड, म्हणजे पत्र्याची पातळ पट्टी, आत असेल तर बटण दबत नाही. बाहेर असेल तर मॅगझिन निघत नाही. नवशिक्याला वाटते कॅमेरा बिघडला, आणि पट्टी आतच असते.

ए१२ मॅगझिनमध्ये रोल भरताना आतला सांगाडा बाहेर काढायचा, मागच्या वेळचे रिकामे रीळ गुंडाळणाऱ्या बाजूला घ्यायचे आणि कागदाचे टोक दाबपट्टीखालून ओढून रिळाच्या फटीत अडकवायचे. कागदाची काळी बाजू बाहेर हवी. ती आत गेली तर फिल्म कागदाआड लपते आणि सगळा रोल कोरा निघतो. कागदावरचा बाण सांगाड्यावरच्या खुणेशी आला की थांबायचे, सांगाडा आत सरकवायचा आणि बाजूची चावी अडेपर्यंत फिरवायची. खिडकीत १ उमटतो. पेटी आणि मॅगझिन दोन्हींवर लाल-पांढऱ्या खुणेची खिडकी असते. जोडताना दोन्हींचा रंग एकच हवा. पेटी पांढरी आणि मॅगझिन लाल असेल तर एका फोटोवर दुसरा पडतो. उलट असेल तर एक चौकट कोरी जाते.

बटण दाबले की आरसा वर जातो, उघडी लेन्स मिटते, प्रकाश आत सोडणारे लेन्सचे छिद्र ठरलेल्या आकाराला येते, मागची दोन झापे उघडतात आणि मग लेन्समधले शटर क्षणभर उघडते. आरसा आपोआप खाली येत नाही. हूडमध्ये अंधार राहतो. उजवीकडच्या चावीचा एक पूर्ण फेरा दिला की फिल्म पुढे सरकते, आरसा उतरतो आणि शटर ताणले जाते. संथ वेगाला बटण शेवटपर्यंत दाबून धरावे, नाहीतर झापे आधीच मिटून फोटो कापला जातो.

लेन्स काढण्यापूर्वी चावी फिरवून शटर ताणलेले असलेच पाहिजे. पेटी आणि लेन्स यांपैकी एकच ताणलेले असताना जोडणी झाली तर कॅमेरा जाम होतो. सुट्या लेन्सचा ताण उतरला असल्यास मागच्या दांड्याची फट पेचकसाने फिरवून लाल ठिपक्यासमोर आणतात. लेन्स पेटीवरच अडकली असेल तर मॅगझिन काढून मागून हात घालावा लागतो. ते काम जाणत्याकडे सोपवलेले बरे.

कॅमेऱ्यात लाइट मीटर नाही. जुन्या सी लेन्सवर वेग आणि छिद्र यांची कडी एकमेकांत गुंतलेली असतात. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला ईव्ही (वेग आणि छिद्र मिळून एक्सपोजर सांगणारा आकडा) १५ लावला की छिद्र एफ/१६ ला वेग १/१२५ सेकंद, एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५०० अशा जोड्या एकाच वळणात मिळतात. प्रकाश तेवढाच राहतो, फक्त फोकसची खोली बदलते. शिकणाऱ्याला एक्सपोजरचे गणित समजावायला यापेक्षा सोपे साधन सापडणे कठीण.

१९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून ५०० सी घेऊन अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमेत नेला. अपोलो ११ च्या वेळी चंद्रावर वापरलेला कॅमेरा याच घराण्यातला, मोटरवर चालणारा आणि ६० मिमी. बायोगॉन लेन्सचा होता. परतताना वजन वाचवण्यासाठी फिल्मची मॅगझिन तेवढी आणली. कॅमेरा चंद्रावरच राहिला.

आज हे कॅमेरे जुन्या बाजारातच मिळतात. या मालिकेचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले. घेताना मॅगझिनच्या कवचावरचे आणि आतल्या सांगाड्यावरचे क्रमांक जुळतात का पाहावे, नाहीतर चौकटींमधले अंतर बिघडण्याची शक्यता असते. निगेटिव्हच्या कडेला धुरकट पट्टा येत असेल तर डार्क स्लाइडच्या फटीतले सील झिजलेले असते. ते स्वस्तात बदलते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून ती चामडी पेटीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून एक सेकंदाच्या वेगाला शटर आठ-दहा वेळा चालवावे. न वापरल्याने आतले वंगण घट्ट होते आणि संथ वेग आधी अडखळू लागतात.