सोडा की व्हिनेगर? दोन्ही नको

मधमाशीचं विष आम्लधर्मी, म्हणून तिच्या दंशावर खायचा सोडा. गांधीलमाशीचं अल्कधर्मी, म्हणून तिथे व्हिनेगर. कुत्र्या-मांजरांसाठीही हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला शास्त्रीय वाटतो, तिथेच फसगत होते.

वेदना आणि सूज मुख्यतः विषातल्या प्रथिनांमुळे येते, निव्वळ आम्लामुळे नाही. मधमाशीच्या विषात मेलिटिन असतं, ते पेशींची आवरणं फोडतं. शिवाय विष त्वचेखाली गेलेलं असतं. वर चोळलेला लेप तिथे पोचणार कसा? उलट प्राणी तो चाटून टाकतो.

मधमाशीची नांगी मात्र लगेच काढा. ती विषाच्या पिशवीसकट रुतून राहते आणि विष सोडत राहते. 'चिमटीत धरू नका, खरवडूनच काढा' हाही गैरसमजच. 1996 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या (माणसांवरच्या) अभ्यासात नांगी काढायच्या पद्धतीने फरक पडला नाही, काढायला झालेल्या उशिरामुळे पडला. गांधीलमाशी सहसा नांगी मागे ठेवत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. मग कापडात गुंडाळलेला बर्फ पुरे.

माशी तोंडात पकडण्याच्या नादात घशात दंश झाला, तर सुजेने श्वास कोंडू शकतो. कुत्र्याला अचानक उलट्या-जुलाब, पांढुरक्या हिरड्या, कोसळणं; मांजराला धाप, लाळ गळणं ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं. अशा वेळी, किंवा एकाच वेळी अनेक दंश झाले असतील तर, थेट पशुवैद्याकडे. आपली वेदनाशामकं देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं.