घाऱ्या डोळ्यांवरून मूळ कळतं का?

'घारे डोळे, गोरा रंग म्हणजे पूर्वज परदेशी' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. खरं तर डोळ्यांचा रंग बुबुळातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो; ते कमी असलं की डोळे घारे. त्यामागे अनेक जनुकं असतात, काही पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतात. त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या आईबापांनाही घाऱ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं. पडताळा घरातच आहे. सख्खी भावंडं पाहा: पूर्वज तेच, तरी एक गोरं, दुसरं सावळं.

आणि सांगली जिल्ह्यातल्या विटा भागातली गलाईवाली कुटुंबं घ्या. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी ती देशभर पसरलीत. तमिळनाडूत वाढलेली मुलं तिथं तमिळ बोलतात, यात्रेला गावी आली की मराठी. हे चेहऱ्यावर कुठं दिसणार? 'तू इथली वाटत नाहीस' हे वाक्य अशा मुलीला फार लागतं. त्यापेक्षा तिलाच गाव विचारावं.