नाव तेच, औषध वेगळं: सर्दीच्या गोळीची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सर्दीची गोळी कधी औषधांत मोजलीच गेली नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा, अमृतांजन आणि तिची एक स्ट्रिप कायम असायची. माळव्यातली डिसेंबरची थंडी सुरू झाली, कोणी दोनदा शिंकलं, की आई म्हणायची, "घे एक आणि झोप."

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबांनी दिवसभरात अशा तीन गोळ्या घेतल्या. वय चौऱ्याहत्तर, प्रोस्टेट वाढलेलं. रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली आणि नळी घालावी लागली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी काय घेतलं ते विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "काही नाही, नेहमीची सर्दीची गोळी." त्यांनी स्ट्रिप मागवून घेतली आणि उलटी करून मागचे घटक मला वाचायला लावले. तोवर मी ते कधी वाचलेच नव्हते.

अशा गोळीत बहुधा तिघं एकत्र असतात. क्लोरफेनिरामीन हे हिस्टामीन (अॅलर्जीत शिंका आणणारं, नाक वाहवणारं शरीरातलंच द्रव्य) रोखणारं औषध, फेनिलेफ्रिन हे नाक मोकळं करणारं आणि जोडीला पॅरासिटामॉल. बाबांच्या बाबतीत पहिल्या दोघांनी दोन बाजूंनी कोंडी केली. क्लोरफेनिरामीनने मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी होतो आणि फेनिलेफ्रिनने मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं. प्रोस्टेटमुळे वाट आधीच अरुंद झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

या दोन औषधांची घराणी वेगळी आहेत. हिस्टामीन रोखणारं पहिलं द्रव्य डॅनियल बोव्हे आणि अॅन-मारी स्टॉब यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1937 साली दाखवलं. ते माणसांना देण्याजोगं नव्हतं. माणसांत वापरता येणारं औषध 1942 मध्ये आलं, आणि बोव्हेंना 1957 चं नोबेल मिळालं. क्लोरफेनिरामीन 1950 च्या आसपासचं. ही औषधं अॅलर्जीसाठी होती. विषाणूच्या सर्दीत हिस्टामीनचा वाटा फार थोडा असतो. मग नाक वाहायचं थांबतं कसं? या जुन्या पिढीच्या औषधांचा एक उपपरिणाम म्हणजे सगळीकडचे स्राव सुकवणं. सर्दीत आपण वापरतो तो हा उपपरिणाम. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणं त्याच उपपरिणामातून येतं. गुंगीचं कारण निराळं. हे औषध मेंदूतही शिरतं आणि आपल्याला जागं ठेवणाऱ्या तिथल्या हिस्टामीनला रोखतं. सेटिरिझीनसारखी नवी औषधं मेंदूत कमी शिरतात, पण सुकवतही नाहीत, म्हणून साध्या सर्दीत त्यांचा उपयोग जेमतेम.

दुसरं घराणं एफेड्रिनचं. मा-हुआंग या चिनी वनस्पतीतून नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने ते 1885 मध्ये वेगळं केलं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळायच्या, की नाक मोकळं होतं. पण पोटातून घेतलेलं औषध नाकापाशी थांबत नाही. रक्तदाब वाढतो, छाती धडधडते, झोप उडते. एक औषध झोपवणारं आणि दुसरं झोप उडवणारं, म्हणून दोघं एकमेकांना सांभाळून घेतील अशा समजुतीवर ही जोडी बराच काळ विकली गेली. प्रत्यक्षात दोघांचेही त्रास एकाच माणसाला होऊ शकतात.

याच घराण्यातलं फेनिलप्रोपॅनोलअमीन जगभरच्या सर्दीच्या गोळ्यांत होतं. तरुण स्त्रियांमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्यावर अमेरिकेने 2000 च्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घ्यायला सांगितलं. भारतात बंदी यायला 2011 चा फेब्रुवारी उजाडला. आणि ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 156 मिश्रणांवर बंदी घातली, तेव्हा त्या यादीतही पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामीनसोबत हेच नाव होतं.

याच घराण्यातल्या, नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनची अडचण वेगळी झाली. त्यापासून मेथॅम्फेटामीन हा अमली पदार्थ बनवला जाऊ लागला, म्हणून अमेरिकेत 2006 पासून ते काउंटरच्या मागे गेलं. रिकाम्या झालेल्या जागी फेनिलेफ्रिन आलं. कितीतरी ब्रँडनी नाव आणि रंगीत वेष्टन जवळपास तेच ठेवलं, आतलं औषध बदललं. "तीच ती पूर्वीची गोळी" असं आपण म्हणतो, पण तेव्हा ते खरं असेलच असं नाही, आणि मला यातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते. शिवाय गिळलेल्या फेनिलेफ्रिनचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात मोडून जातो. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, की ठरलेल्या मात्रेत तोंडाने घेतल्यास ते नाक मोकळं करत नाही. उपयोग इतका संशयास्पद असताना बाबांसारख्या माणसाने जोखीम का घ्यावी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लहान मुलांचा विषय मध्य प्रदेशात राहणाऱ्या कोणालाही आता तटस्थपणे लिहिता येणार नाही. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं, आणि एप्रिल 2025 मध्ये त्याची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, कोल्ड्रिफ सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतली बरीचशी पाच वर्षांखालची होती. मारक ठरलं ते डायएथिलीन ग्लायकॉल. हे सिरप जिथे बनलं त्या तामिळनाडूच्या तपासणीत त्याचं प्रमाण 48.6 टक्के निघालं, जिथे 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाही. हे विष मिश्रणाचा भाग नव्हे, ती भेसळ होती, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. पण सिरपवर लिहिलेले घटक हेच होते: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन, फेनिलेफ्रिन. एवढ्या लहान मुलांना मुळात ज्याची गरज नव्हती, त्याच बाटलीतून ते विष त्यांच्या पोटात गेलं.

घरातल्या डब्याकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहते. पॅरासिटामॉलचा हिशोब आधी. सर्दीच्या 500 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आणि तापासाठी वेगळ्या 650 च्या चार, म्हणजे दिवसाला 4100 मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा 4000. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरीच कमी. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेट किंवा थायरॉइडचा त्रास असेल, नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर मेडिकलवाल्याला ते सांगितल्याशिवाय मिश्रण घेऊ नये. गोळी घेऊन स्कूटर काढू नये. क्लोरफेनिरामीनची सुस्ती दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू शकते. नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंबही पाच दिवसांपुढे नेले तर नाक उलट जास्त चोंदतं.

बाबांची सर्दी हल्ली मिठाच्या पाण्याचे थेंब, गरम पेय आणि ताप असेल तरच मोजून पॅरासिटामॉल यांवर निघते. नातवंडांनाही मिठाच्याच पाण्याचे थेंब. एक वर्ष उलटलेल्याला खोकल्यासाठी चमचाभर मध. त्याआधी मध नाही. श्वास जलद चालला, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, बाळ पीत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर सिरप शोधत न बसता सरळ दवाखाना.