प्रागचे राष्ट्रीय रंगमंदिर व त्याचा ऑपेरासंच

चेक प्रजासत्ताकातील प्रमुख नाट्यसंस्था. मुख्य वास्तू प्रागमध्ये व्हल्टाव्हा नदीकाठी आहे. संस्थेचे आरंभवर्ष कोठे 1881, तर कोठे 1883 दिलेले आढळते. मात्र ही दोन्ही वर्षे वास्तूची होत. ऑपेरासंचाचा इतिहास 18 नोव्हेंबर 1862 रोजी उघडलेल्या तात्पुरत्या रंगमंदिरापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या तोकड्या रंगमंचावर 1866 मध्ये चेक संगीतकार स्मेतानाचा ‘विकलेली वधू’ हा ऑपेरा प्रथम झाला. त्याच वर्षी स्मेताना तेथे प्रमुख वाद्यवृंद-संचालक झाला आणि 1874 मध्ये बहिरेपणामुळे त्याला पद सोडावे लागले. वाद्यवृंदात काही वर्षे व्हायोला वाजवणारा ड्व्होर्झाक पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला.

नव्या वास्तूची पायाभरणी 16 मे 1868 रोजी झाली. वास्तुविशारद योसेफ झीटेक. काम अपुरे असतानाच, ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ याच्या भेटीनिमित्त 11 जून 1881 रोजी स्मेतानाच्या ‘लिबुशे’ने रंगमंदिर उघडले, 12 ऑगस्टला आग लागून घुमट, प्रेक्षागृह व रंगमंच भस्मसात झाले. घातपाताची वदंता त्या वेळी उठली होती. तथापि छतावर वीजरोधकाचे काम करणाऱ्या कारागिरांची हलगर्जी हेच कारण सामान्यतः ग्राह्य मानतात. पुनर्बांधणीसाठी 47 दिवसांत सुमारे 10 लाख गुल्डेन (तत्कालीन ऑस्ट्रियन चलन) जमल्याचे सांगतात. ‘राष्ट्राने स्वतःसाठी’ हे ब्रीद रंगमंचावर कोरलेले असले, तरी केवळ गोरगरिबांच्या पैशांतून वास्तू उभी राहिली ही समजूत अतिरंजित होय. देणगीदारांत खुद्द सम्राट फ्रान्झ योझेफ व उमराव घराणीही होती. झीटेक बाजूला झाल्यावर त्याचा सहकारी योसेफ शुल्ट्झ याने जवळचे तात्पुरते रंगमंदिरही नव्या रचनेत सामावून घेतले. 18 नोव्हेंबर 1883 रोजी, पुन्हा ‘लिबुशे’नेच, उद्घाटन झाले, या वेळी दिवे विजेचे होते.

कारेल कोव्हार्झोविट्स (ऑपेराप्रमुख, 1900–20) याच्या काळात ड्व्होर्झाकचा ‘रुसाल्का’ (1901) प्रथम सादर झाला. चेक संगीतकार यानाचेकचा ‘येनूफा’ मात्र ब्रनो शहरातील पहिल्या प्रयोगानंतर बारा वर्षांनी, 1916 मध्ये, आणि तोही कोव्हार्झोविट्सने वाद्ययोजना बदलल्यावर येथे आला. हा बदल आता बहुधा टाळला जातो. 1944 मध्ये नाझी राजवटीत रंगमंदिर बंद करण्यात आले. 1977–83 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. 2012 मध्ये प्रागचा राज्य ऑपेराही या संस्थेत विलीन झाला. त्याची वास्तू मुळात 1888 मध्ये शहरातील जर्मन भाषकांसाठी उघडलेली आहे.