उच्च रक्तदाब आणि मेंदूतील तंतुकणिका

दीर्घकाळ वाढलेला रक्तदाब मेंदूतील तंतुकणिकांचे, म्हणजेच पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे, काम बिघडवतो. हा बिघाड उलट रक्तदाबालाही चढता ठेवतो. विषयाचे खरे महत्त्व या दुहेरी नात्यात आहे. केवळ ‘दाबाने मेंदूची हानी होते’ असे म्हटले की त्याची अर्धी बाजू झाकली जाते.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. त्याच्या मदतीने तंतुकणिका एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करतात. या प्रक्रियेत काही इलेक्ट्रॉन मधेच, विशेषतः श्वसनसाखळीच्या (इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणाऱ्या प्रथिनसंकुलांच्या रांगेच्या) पहिल्या आणि तिसऱ्या संकुलाशी, निसटतात आणि ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हा घातक रेणू बनतो. पेशीतील विकरे थोड्या प्रमाणातले सुपरऑक्साइड निकामी करतात. अँजिओटेन्सिन-२ या रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाचा जोर वाढला की ते प्रमाण विकरांच्या आवाक्याबाहेर जाते. मग तंतुकणिकांची पटले व डीएनए यांना इजा होते आणि एटीपी घटते.

याचा सर्वाधिक अभ्यास उंदरांवर झाला आहे. जपानमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये आपोआप रक्तदाब वाढणाऱ्या उंदरांची जात जाहीर केली. आजही बरेचसे प्रयोग तिच्यावरच होतात. मस्तिष्कपुच्छाच्या, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या खालच्या भागाच्या, पुढच्या-बाहेरच्या बाजूला रक्तवाहिन्यांचा ताण राखणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा समूह असतो. या उंदरांमध्ये तिथल्या श्वसनसाखळीचे काम मंदावलेले आणि ऑक्सिडीकारक ताण (सुपरऑक्साइडसारख्या रेणूंचा मारा) वाढलेला आढळतो. त्यामुळे अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणारी चेतासंस्था, अधिक उत्तेजित होते, वाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब आणखी चढतो. या भागातला ऑक्सिडीकारक ताण कमी करणारे पदार्थ तिथेच टोचले असता उंदरांचा रक्तदाब उतरतो. कारण आणि परिणाम यांचा इतका थेट पुरावा या क्षेत्रात क्वचितच मिळतो.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांतून जाते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींत इतर अनेक अवयवांतील अशा पेशींपेक्षा जास्त तंतुकणिका असतात, कारण रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत, राखायला सतत ऊर्जा लागते. ऊर्जा कमी पडून तो अडथळा सैल झाला आणि बारीक धमन्या जाड व ताठ झाल्या की आतल्या श्वेतद्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या चेतातंतूंना, रक्त कमी पडते. विस्मरण, मंदावलेला विचार आणि छोटे पक्षाघात यांचा माग इथपर्यंत काढता येतो.

माणसांत हे सारे थेट मोजणे अवघड आहे. तंतुकणिकांपर्यंत पोहोचून तिथला ऑक्सिडीकारक ताण कमी करणारे मायटोक्यूसारखे पदार्थ प्राण्यांत आशादायक ठरले आहेत, पण ते रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील स्प्रिंट माइंड चाचणीत वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बोधनिक ऱ्हास (स्मृती व विचारक्षमता किंचित घटणे) सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. त्या चाचणीचे मोजमाप स्मृती आणि विचारक्षमतेचे होते, तंतुकणिकांचे नव्हे. त्यामुळे या लाभातला त्यांचा वाटा तिच्यावरून ठरवता येत नाही.